हिंगोलीत न मेलेला म्हातारबा

मी एका म्हाताऱ्याला मरू दिलं नाही. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, धंद्यातल्या भागीदाराला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्या माझ्या पोरीला तर नाहीच. म्हातारा कार्टूनमधला होता, हे लगेच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा उगाच माझ्याबद्दल चांगलं मत करून घेईल.

मालिका परदेशी होती, बोलायची हिंदीत. तिच्यातला हिरो पाठीला पिवळं काहीतरी बांधून उडायचा. पोरं त्याला झगा म्हणायची, माझे वडील उपरणं म्हणायचे. पण आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याच्या पोरांचा जीव हिरोपेक्षा त्यातल्या एका म्हाताऱ्यावर जास्त होता. त्यानं त्या हिरोला लहानाचं मोठं केलेलं. तो एका घंटाघरात राहायचा, काठी टेकत चालायचा आणि प्रत्येक लढाईनंतर फाटलेलं उपरणं शिवून द्यायचा. हिरो अख्खं जग वाचवून आला तरी म्हातारा त्याला आधी पाय धुवायला लावायचा. मालिकेत त्याला काहीतरी जड नाव होतं. आमच्याकडं सगळे त्याला म्हातारबा म्हणायचे.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा दुसरीत असलेली माझी पोरगी आता पदवी घेऊन घरी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. उरलेल्या वेळात, म्हणजे तिच्या आईच्या मते अभ्यासाच्याच वेळात, ती मोबाईलवर एक चॅनल चालवते. चॅनलचा विषय एकच, त्या मालिकेतल्या चुका.

आधी मला वाटलं होतं, चुका असून असून असतील किती. पण पोरीनं दाखवायला सुरुवात केली आणि मी त्या परदेशी कंपनीची कीव करायला लागलो. खलनायकाचा लोखंडी हात एका भागात डावा, पुढच्या भागात उजवा. घंटाघराचं घड्याळ सकाळी, दुपारी, लढाईत, लग्नात, कायम पावणेचार. हिरोनं हातमोजे काढले की बोटं चार, घातले की पाच. पावसातून उडत आला तर केस ओले आणि उपरणं कोरडं. एका प्रसंगात तो भाकरीसारखं काहीतरी खात असतो. घास तोडतो, चित्र दुसरीकडं जातं, परत येतं तर भाकर अख्खी.

"अशी भाकर आपल्याकडं असती तर दळणाचं काम नव्हतं," बायको म्हणाली. ती पोरीचे सगळे व्हिडिओ बघते आणि बघत नाही असं सांगते.

"आई, गंमत न्हाई ही. ह्याला कंटिन्युटी एरर म्हणतात."

"म्हणू दे. पण लोकांच्या एवढ्या बारीक चुका काढणारी पोरगी कोण करून घेईल, ते बी सांग."

"चुका नसलेला एखादा असंल."

"तसला तर तुझ्या आजीलाबी नव्हता सापडला माझ्यासाठी," असं म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं. मी वाटीतल्या वरणाकडं बघितलं.

पोरीचा एक नियम होता. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला ती म्हणायची, "आधी दाखवते, मग बोलते." दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवायची, बोट लावायची आणि मग तोंड उघडायची. देशभरातले ह्या मालिकेचे शौकीन मिळून इंटरनेटवर तिच्यातल्या चुकांचा संग्रह करून राहिलेत. तिची ही शिस्त बघून त्यांनी हिंदी आवृत्तीच्या चुकांचं काम तिच्याकडं दिलं. औंढ्याच्या एका पोरीनं सांगितलेली चूक ते लोक न तपासता चढवून घ्यायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि मी तो कुणाला दाखवत नव्हतो, कारण त्याच्या बुडाशी काय आहे हे मला ठाऊक होतं.

एकदा ती हसत मला म्हणाली, "पप्पा, गंमत बघा. मला लहानपणच्या कितीतरी चुका आठवतात, अन् तपासायला गेलं की त्या निघतच न्हाईत. मेलेला खलनायक दार उघडून आत येतो, असं मला पक्कं आठवतं. पण असा भागच न्हाई."

"लहान होतीस," मी म्हणालो.

ती लहान होती हे खरं आहे. खलनायक दार उघडून आत आला होता, हेही खरं आहे. त्याला मीच आत घेतलं होतं.

त्या काळी मी केबलवाला होतो. देवळाच्या मागच्या गल्लीत एका माडीवर आमची कंट्रोल रूम होती. आमची म्हणजे माझी आणि माझ्या भागीदाराची. भागीदार मुसलमान, शाळेपासूनचा दोस्त. पोरगी त्याला चाचा म्हणते. कामाची वाटणी साधी होती. खांबावर तो, खुर्चीवर मी. तो तारा ओढायचा, मी बटणं दाबायचो. लोकांच्या शिव्या मात्र दोघांनी वाटून खायच्या.

सगळं लाइटीच्या तालावर चालायचं. मालिका संध्याकाळी लागायची आणि नेमकं त्याच वेळी लोडशेडिंगनं कुठल्या ना कुठल्या गावाचे टीव्ही बंद. दुसऱ्या दिवशी पोरं शाळेतून थेट आमच्या माडीखाली. "काका, कालचं दाखवा." मग मी मालिका कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लागलो आणि लाइट आली की आमच्या स्वतःच्या लोकल चॅनलवर लावायला लागलो. त्याला कुणाची परवानगी लागते हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, असं मी आजही म्हणतो. जवळा बाजार ह्या शेजारच्या गावात ओळखीचा एक जण केबल चालवायचा. त्याच्यासाठी बाजाराच्या दिवशी काळी-पिवळीतून डीव्हीडी जायची. ड्रायव्हर ती समोर काचेजवळ ठेवायचा, म्हणून त्याच्या गाडीला पोरांचा फार मान होता.

उतरवून घेतानाही लाइट जायचीच. बॅटरी सुरू होईपर्यंत कॉम्प्युटरला दम निघायचा नाही, तो बंद पडायचा आणि भागाचा मधला तुकडा गायब. अशा वेळी मी एखाद्या जुन्या भागातला मिळताजुळता तुकडा मध्ये घालायचो. आम्ही त्याला जोड म्हणायचो. त्यामुळं आमच्याकडं हिरो दुपारच्या आभाळात झेप घ्यायचा आणि चांदण्यातून उतरायचा. उडताना त्याच्या कंबरेला लाल पट्टा असायचा, उतरल्यावर काळा. मेलेला खलनायक जोडातून परत यायचा. खालून एका पोरानं एकदा विचारलं, "काका, ह्यो तर मेला होता ना?" मी खिडकीतून सांगितलं, "जखमी होता." पोराला पटलं.

पडद्याच्या तळाशी जाहिरातींची पट्टी सरकायची. साडीचं दुकान, वाढदिवसाच्या शुभेच्छा, बियाणं. पट्टी मीच लिहायचो. हे आत्ताच सांगून ठेवतो.

माझे वडील त्या उन्हाळ्यात गेले. आजार थोडक्या दिवसांचा होता. नांदेडला नेलं आणि तिथंच संपलं. पोरीला आम्ही आजोळी, नरसीला ठेवलं होतं. सगळे दिवस उरकल्यावर ती परत आली आणि दारातूनच विचारलं, "आबा कुठंयत?"

"नांदेडला. दवाखान्यात."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. आत गेल्यावर मी तिला म्हणालो, "उद्या सांगतो." उद्या सांगतो हे मी बरेच दिवस म्हणत राहिलो. बायकोनं पहिल्यांदा समजून घेतलं, मग विचारायचं सोडलं. बापानं सांगायची गोष्ट आहे, बापच सांगेल, असं तिनं धरलं असावं.

आबा आणि पोरगी ती मालिका सोबत बघायचे. आबांना हिंदी अर्धीमुर्धी कळायची, ती समजावून सांगायची. म्हातारबा काठी टेकत आला की ती आबांच्या काठीला हात लावायची. म्हातारबा उपरणं शिवायला बसला की आबा म्हणायचे, "ह्याच्यापेक्षा मी बरा शिवतो." त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता.

तर एका दुपारी वादळ झालं. सगळीकडची लाइट गेली. भागीदार पडलेल्या तारा बघायला बाहेर गेला. संध्याकाळी मी बॅटरीवर एकटाच मालिका उतरवत बसलो होतो. औंढ्यात काय, आसपासच्या एकाही गावात त्या वेळी टीव्ही चालू नव्हता. त्या भागात घंटाघर कोसळायला लागतं. आत लहान पोरं अडकलेली असतात. म्हातारबा पाठ लावून दार धरून ठेवतो, पोरांना बाहेर काढतो आणि म्हणतो, तुम्ही निघा, मी येतो. मग घंटाघर पडतं. सगळीकडं धूळ. हिरो येतो, दगड उचलतो आणि खालून नुसती काठी काढतो.

घरी पोरगी लाइट कधी येते म्हणून वाट बघत होती. मी तो तुकडा परत एकदा बघितला आणि कापला. "मी येतो" च्या पुढं एका जुन्या भागातला तुकडा जोडला. त्यात म्हातारबा गाठोडं घेऊन टेकडीवरून जातो, वळतो आणि हात हलवतो. मूळ भागात तो नुसता सुया आणायला बाजारात चाललेला होता.

लाइट आल्यावर मी तेच लावलं. नंतर चॅनलवर चाललेलं तेच, पट्टीसकट, डीव्हीडीवर उतरवून जवळ्यालाही पाठवलं. घरी गेलो तर पोरगी म्हणाली, "पप्पा, म्हातारबा गावाला गेला."

"व्हय."

"आबांसारखा."

मी जेवायला बसलो.

त्यानंतरचं काम वाढलं. मालिकेच्या वेळी मूळ चॅनल मी बिघाड सांगून बंद ठेवायचो आणि कापलेला भाग मागून आमच्या चॅनलवर लावायचो. पुढच्या भागांत कुणी ना कुणी म्हातारबाची आठवण काढायचं. हिरो त्याच्या समाधीच्या दगडावर फूल ठेवायचा, पोरं रडायची. ते सगळं मला कापत बसावं लागलं. भाग आखूड होत गेले आणि उरलेल्या वेळात मी देवळाच्या यात्रेचं जुनं चित्रीकरण लावायला लागलो. लोक म्हणाले, केबलवाला धार्मिक झाला.

आबांचं पोरीला शेवटी शाळेत कळलं. कुण्या मैत्रिणीनं सांगितलं. घरी येऊन ती आईपाशी गेली, माझ्याकडं आली नाही. त्या विषयावर आम्ही दोघं कधीच बोललो नाही.

लेकराचं मन जपायला केलं, असं कुणी म्हणेल. म्हणालं तर मी मान हलवून गप्प बसेन, तो माझा स्वभावच आहे. म्हणून इथं लिहून ठेवतो की तसं नव्हतं. मन जपायचं असतं तर मी तिला जवळ घेऊन सांगितलं असतं. मला सांगायचं नव्हतं, आणि तो भाग तिनं बघितला असता तर ती विचारत आली असती. मी तिचे प्रश्न कापले.

पुढं घरोघर सेट-टॉप बॉक्स आले, आमचं लोकल चॅनल बंद पडलं, कॉम्प्युटर भंगारात गेला. मी बाजारपेठेत वायफाय आणि रिचार्जचं दुकान टाकलं. भागीदारानं हिंगोली रोडला बॅटरी-इन्व्हर्टरचं टाकलं. लाइट जाण्यावर जगायची सवय त्याची सुटली नाही, असं मी त्याला म्हणतो.

मला वाटलं, विषय संपला. गेल्या वर्षी पोरीनं एक व्हिडिओ टाकला. त्यात ती म्हणाली की मूळ मालिकेत म्हातारबा मरतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण हिंदीत तो मरत नाही. हिंदीत तो टेकडीवरून निघून जातो, आणि पुढं त्याच्याबद्दल कुणीच काही विचारत नाही. अख्खा माणूस विसरले, मालिकेतली सगळ्यात मोठी चूक. तो हिंदी भाग कुणाकडंच सापडत नव्हता, त्यामुळं दाखवायला तिच्याकडं काही नव्हतं. "पहिल्यांदाच न दाखवता बोलून राहिले," ती म्हणाली, "पण मी स्वतः बघितलंय."

खाली लोक तुटून पडले. "ताई, म्हातारबा मेला तेव्हा आम्ही जेवलो नव्हतो. तुमच्याकडं तो फिरायला गेला का?" "हिंगोलीत मरायला बंदी आहे काय? आम्हीबी राहायला येतो." "म्हातारबा अजून औंढ्याला असतील तर पत्ता द्या, झगा फाटलाय." त्या शौकिनांमध्ये कुणी थाप मारली की तिला हिंगोली व्हर्जन म्हणायची पद्धतच पडली. "परीक्षा पास झालो." "खरंच, का हिंगोली व्हर्जन?"

गंमत अशी की आमच्या इकडचे लोक तिच्या बाजूनं उभे राहिले. औंढ्याचे, आसपासच्या खेड्यांतले, आता पुण्याला गेलेले. सगळे म्हणत, ताई बराबर आहे, म्हातारबा टेकडीवरूनच गेला. बाहेरचे म्हणत, अख्ख्या तालुक्याला एकच भास कसा झाला? मी दुकानात बसून एकेक वाचायचो आणि गिऱ्हाइकाला चुकीच्या नंबरवर रिचार्ज मारायचो.

मग जवळा बाजारातल्या एकानं लिहिलं. आता तो तिथं कापसाचा व्यापार करतो. त्याचं म्हणणं, "मला पक्कं आठवतं. म्हातारबा टेकडीवर हात हलवत होता तेव्हा खाली दोन पट्ट्या चालल्या होत्या, एकावर एक. एकीत दिवाळीच्या शुभेच्छा अन् दुसरीत कूलरची जाहिरात. दिवाळीला कूलर कोण घेतं, म्हणून लक्षात राहिलं."

माणसानं किती लक्षात ठेवावं. तो जुना तुकडा मी दिवाळीत आमच्याच चॅनलवरून परत उतरवून घेतलेला होता, पट्टीसकट. त्याच्यावर उन्हाळ्याची पट्टी चढली. माझ्या जोडाची शिवण तेवढी दिसत होती आणि ती ह्या कापूसवाल्याला दिसली.

त्याच दिवशी जेवताना पोरीनं विचारलं, "पप्पा, पट्टी कोण लिहायचं?"

"कसली पट्टी?"

"केबलवरची. खालून जायची ती."

"असंच. कुणीबी."

"कुणीबी म्हणजे? रूममध्ये दोघंच तर होते तुमी."

"चाचा लिहायचा तुझा."

बायकोचा हात ताटात थांबला. "भाईजान? त्यांनी कधी पेन धरलेला मी न्हाई बघितला. पावतीबी तुमीच फाडायचे."

"कधीकधी लिहायचा," मी म्हणालो.

पोरीनं तिथल्या तिथं त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "चाचा, केबलची पट्टी तुमी लिहायचे का?"

पलीकडं कुणीतरी बॅटरीत पाणी ओतत असल्याचा आवाज येत होता. तो थांबला. "कोण म्हणतं?"

"पप्पा म्हणतात."

"असं व्हय." पाणी परत ओतायला सुरुवात झाली. "मग लिहायचो बेटा. पप्पा म्हणतात म्हणजे लिहितच असंल मी."

"एकदा दोन पट्ट्या एकावर एक चालल्या होत्या. काहून?"

"आता ते पप्पाला आठवतं का बघ. माझं एवढं कुठं ध्यान."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दुकानात आला. बसला नाही. काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला.

"काय भाऊ, माझं अक्षर कसं काय हाये?"

मी समोरच्या हॉटेलातून दोन चहा सांगितले.

"चहा राहू दे. मराठीचे मास्तर माझी वही बघून डोक्याला हात लावायचे, अन् तू मला पट्टी लिहायला बसवलं. खांबावरून उतरवलं तरी कधी?"

"तोंडातून निघून गेलं."

"तुझ्या तोंडातून काही निघतं हेच मला नवीन." तो जरा हसला. चहा आल्यावर त्यानं घेतला. "हे बघ, तू काय केलं ते मला ठाऊक न्हाई, अन् मी विचारत बी न्हाई. मी तारा ओढून राहिलो होतो. पण त्या उन्हाळ्यात आबा गेले अन् तू लेकराला सांगत नव्हता, हे मी बघितलं. तेव्हा मी तुला म्हणलो, सांग. तू म्हणला, उद्या."

मी काउंटरवरची रिचार्जची वही उघडली.

"पोरगी तिकडं खोटी पडून राहिली. तिला तकलीफ होऊन राहिली अन् तू इथं रिचार्ज मारतो."

"सांगतो. एवढा बाजार होऊ दे."

"कोणत्या गावचा?"

त्यानं कप खाली ठेवला आणि निघाला. जाताना माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी वाकून बघितली आणि पाणी कमी आहे म्हणाला. त्यानं पोरीला पुढंही काही सांगितलं नाही. कधीकधी दोस्ती अशी गैरसोयीची असते.

बाजार झाला, त्याच्या पुढचाही झाला. तेवढ्यात कुठल्याशा शहरातल्या एका माणसाला घरच्या जुन्या सीडीत तो हिंदी भाग सापडला आणि त्यानं तो टाकला. घंटाघर, धूळ, दगड, काठी. म्हातारबा हिंदीतही मेलेला. शौकीन मंडळींनी पोरीला लिहिलं की दावा मागं घ्या आणि चुकलं म्हणून जाहीर सांगा, नाहीतर तुम्ही आजवर दिलेल्या सगळ्या चुका संग्रहातून काढाव्या लागतील, कारण आता कशावर विश्वास ठेवायचा ते आम्हाला कळत नाही. लोखंडी हात, पावणेचारचं घड्याळ, अख्खी भाकर, सगळं जाणार होतं. त्या सगळ्या खऱ्या होत्या, दाखवून सांगितलेल्या होत्या.

ती तो भाग परत परत बघत बसली. मी दारात उभा होतो. मला वाटलं ती रडेल, म्हणजे मग मला बोलावंच लागेल. ती रडली नाही. संध्याकाळी तिनं केस विंचरले, मोबाईल स्टँडला लावला आणि मला हाक मारली. तिचा दिवा बिघडला होता.

"पप्पा, जरा हा बल्ब धरा. असा, तोंडावर. हलवू नका."

मी बल्ब धरून उभा राहिलो आणि ती बोलली. ती म्हणाली, "मी चुकले. मी जे बघितलं म्हणून सांगितलं ते कधी दाखवलंच गेलं नव्हतं. त्या दिवसांत माझे आबा वारले होते आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यानं म्हातारबासाठी दुसरा शेवट तयार केला असणार. माझ्या भागातल्या लोकांनी माझं ऐकून आपल्यालाही तसंच आठवतं असं म्हटलं असेल, त्यांचाही दोष नाही. मी सगळ्यांची माफी मागते."

कारण तिनं अगदी बरोबर ओळखलं होतं. डोकं कुणाचं, एवढंच चुकलं.

"नीट आलं का?" तिनं विचारलं.

"बराबर आलं," मी म्हणालो आणि बल्ब तिच्या हातात दिला. गरम झाला होता, तिनं तो ओढणीत धरला.

लोकांना व्हिडिओ आवडला. प्रामाणिक पोरगी म्हणाले. तिच्या बाकीच्या चुका संग्रहात राहिल्या. मंडळींनी तिचं जाहीर कौतुकही केलं. जवळ्याच्या कापूसवाल्यानं मात्र खाली लिहिलं, "ताई, तुमी माघार घेतली, ठीक. पण मी तुमचं ऐकून न्हाई बोललो. मी खरंच बघितलं होतं. आता घरात मला हिंगोली व्हर्जन म्हणतात." पोरीनं त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

त्यानंतर तिनं नवीन व्हिडिओ केला नाही. आई म्हणाली, बरं झालं, अभ्यास होईल. पण अभ्यासही होत नव्हता. परवा मी दुकानातून आलो तर ती ओट्यावर बसली होती. शेजारी जागा करून देत म्हणाली, "पप्पा, एक विचारू का? आबा मला सायकलच्या दांड्यावर बसवून तळ्याकडं न्यायचे, अन् उतरलं की पायाला मुंग्या यायच्या. हे झालं होतं ना? का हेबी मीच बनवलं?"

"झालं होतं."

"तुमी बघितलं होतं?"

"दांड्याला मीच टॉवेल गुंडाळून द्यायचो."

ती "मग ठीक" म्हणाली, पण चेहऱ्यावर पटल्यासारखं दिसलं नाही. पूर्वी तिला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा होता. आता ती मला विचारते, म्हणजे ज्याला विचारू नये त्यालाच.

हे सगळं मी लिहून काढलं, कारण तोंडानं जमत नाही. लिहून तिच्या हातात दिलं तर सोपं होईल. ती एकटी वाचेल आणि मी दुकानात असेन. तसं करायचं नाही. हे कुठं छापायला जाण्याआधी मला तिच्यासमोर बसून सांगायचं आहे की तो तुकडा मी कापला, टेकडीचा तुकडा मी जोडला, पट्टी मी लिहिली, आणि तिनं जे बघितलं ते तिनं खरंच बघितलं. आबा गेले ते तिला मी सांगायला हवं होतं, हेही. मग तिच्या कॅमेऱ्यासमोर बसून हेच सगळं परत, म्हणजे तो जवळ्याचा माणूसही सुटेल. पोरीनं मागितलेली माफी माझी होती. ती मी अजून मागितलेली नाही.